अंगावर ॲप्रन, मीटर जीपमध्ये: किरणोत्सर्गाजवळ काम करताना या चुका टाळा

नागपूर परिसरात किरणोत्सर्गाशी रोजचा संबंध येणारी माणसे प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटतात. एक म्हणजे धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक या भागांतली रुग्णालये, जिथे एक्स-रे, सीटी, सी-आर्म (शस्त्रक्रियेच्या वेळी आतले पाहायचे फिरते एक्स-रे यंत्र) आणि कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर पाहायची खोली) दिवसभर सुरू असतात. दुसरे म्हणजे औष्णिक वीज केंद्रे आणि बुटीबोरी, हिंगण्यासारख्या औद्योगिक वसाहती, जिथे पाइपांचे आणि बॉयलरचे वेल्ड तपासण्यासाठी इरिडियम-१९२ चा सोर्स (किरणोत्सारी धातूची लहान गोळी) असलेला रेडिओग्राफी कॅमेरा वापरला जातो. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला आरएसओ, या नात्याने दोन्हीकडे फिरताना एक गोष्ट फार लवकर लक्षात येते: माणसे वेगळी, यंत्रे वेगळी, पगारही वेगळे, पण चुका मात्र त्याच.

बाहेरून येणाऱ्या किरणांपासून बचाव करण्याचे तीन मार्ग प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवले जातात. जवळ घालवायची वेळ कमी करावी, अंतर वाढवावे आणि मध्ये आडोसा ठेवावा. परीक्षेत हे उत्तर कोणी चुकत नाही. प्रत्यक्ष जागेवर आल्यावर मात्र अंगावर घालायच्या वस्तूंवर, म्हणजे शिशाच्या ॲप्रनवर आणि डोसची नोंद ठेवणाऱ्या बॅजवर, लोक डोळे मिटून विसंबतात आणि किरणोत्सर्ग मोजणाऱ्या, हातात धरायच्या सर्व्हे मीटरला ओझे समजतात. पुढच्या बहुतेक चुका या उलट्या विश्वासातून निघतात.

मीटर हातात न घेता सोर्सकडे जाणे

औद्योगिक रेडिओग्राफीतली ही चूक मी सर्वांत गंभीर मानतो. कॅमेऱ्यात सोर्स असताना त्याभोवती क्षीण युरेनियमचे जाड कवच असते. लांब उभे राहून क्रँक फिरवला की ड्राइव्ह केबलच्या टोकाला जोडलेला सोर्स कॅमेऱ्यातून बाहेर पडतो, गाइड ट्यूबमधून सरकत कॉलिमेटरपर्यंत (किरण हव्या त्या दिशेलाच जाऊ देणाऱ्या टोकाच्या भागापर्यंत) जातो, फिल्म ठरलेला वेळ एक्सपोज होते आणि मग क्रँक उलटा फिरवून सोर्स परत आत घ्यायचा असतो. तो खरोखर आत आला की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, आणि कारखान्याच्या गोंगाटात कुलूप बसल्याचा आवाजही ऐकू येईलच असे नाही. क्रँकचे फेरे मोजून "आला आत" असे म्हणणे म्हणजे निव्वळ अंदाज आहे. खात्री फक्त मीटर देते.

आकडे एकदा नीट पाहावेत. क्युरी हे सोर्सच्या तीव्रतेचे एकक, सिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या डोसचे. इरिडियम-१९२ च्या १ क्युरी सोर्सपासून १ मीटरवर तासाला साधारण ५ मिलिसिव्हर्ट इतका डोस मिळतो. २० क्युरीचा सोर्स उघडा असेल तर त्याच अंतरावर तो तासाला सुमारे १०० मिलिसिव्हर्ट होतो. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या व्यक्तीसाठी आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट अशी आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. म्हणजे १ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा वर्षाचा वाटा बारा मिनिटांत संपतो. फिल्म बदलण्यासाठी तो ३० सेंटिमीटरवर वाकला तर त्याच कामाला जेमतेम एक मिनिट लागते. आणि गाइड ट्यूबमध्ये सोर्स नेमका जिथे अडकला आहे तिथे त्याने हाताने ट्यूब सरळ केली, तर १ सेंटिमीटर अंतरावर सेकंदाला पाव सिव्हर्टहून अधिक डोस बोटांना बसतो. हातापायांसाठीची वार्षिक मर्यादा अर्धा सिव्हर्ट आहे. दोन सेकंदांत ती संपते, आणि या सगळ्यात त्या माणसाला काहीही जाणवत नाही. ना चटका, ना वास, ना आवाज.

एका कारखान्यात बॉयलरच्या शटडाउनमध्ये रात्रपाळीला काम सुरू असतानाचा प्रसंग मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. ठेकेदाराला पैसे फिल्ममागे मिळत होते, त्यामुळे सकाळपर्यंत जितके जॉइंट उरकतील तितके उरकायचे, असा सगळ्यांचा हिशेब होता. कॅमेरा परांचीवर दोराने बांधून ठेवलेला होता. मधल्या एका एक्सपोजरच्या वेळी दोर सैल होऊन तो एका बाजूला घसरला आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशीच गाइड ट्यूबला तीव्र बाक आला. क्रँक फिरवणाऱ्याला शेवटी थोडा जोर लागला, पण त्याला वाटले की सोर्स आत बसताना लागतो तो हाच जोर. त्याने हात वर करून इशारा केला आणि नवी फिल्म घेऊन एक शिकाऊ मुलगा शिडीकडे निघाला. सर्व्हे मीटर कुठे होता? जीपमध्ये, पुढच्या सीटवर, पिशवीत. कोणी चोरू नये म्हणून.

माझी स्वतःची सवय अशी आहे की गेटमधून आत शिरतानाच मीटर सुरू करायचा, बॅटरी तपासायची आणि बाहेर पडेपर्यंत तो बंद करायचा नाही. त्या रात्री दोरीच्या कुंपणापाशी, सोर्सपासून साधारण २० मीटरवर, मीटरचा काटा तासाला २५० मायक्रोसिव्हर्टच्या आसपास गेला. नेहमीची नैसर्गिक पातळी तासाला ०.१ ते ०.२ मायक्रोसिव्हर्ट असते. एवढ्या फरकावर विचार करत उभे राहायचे नसते. मी ओरडलो, तो मुलगा शिडीच्या पहिल्या पायरीवरून मागे फिरला आणि सगळ्यांना कुंपणाबाहेर काढले. साइट इनचार्ज म्हणाला, "सर, क्रँक तर पूर्ण फिरला जी, मीटरच खराब असन." दुसरा मीटर जीपमधून आणवला. त्यानेही तेच दाखवले.

पुढचे काम घाईचे नव्हते, आणि ते घाईने केलेही नाही. अशा वेळी सोर्स ओढत बसायचे नसते. क्रँक पुन्हा बाहेरच्या दिशेने फिरवून तो आधी कॉलिमेटरमध्ये न्यायचा, कारण टंगस्टनचा कॉलिमेटर बहुतेक दिशांना चांगला आडोसा देतो. मग काय करायचे ते जमिनीवर, रिकाम्या ट्यूबवर, लांब दांड्याच्या चिमट्याने करून पाहायचे, हात बसेपर्यंत करायचे. ज्याने सराव केला त्यानेच वर जायचे, बाजूला शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या रचायच्या, चिमट्याने ट्यूब उचलून बाक काढायचा आणि लगेच खाली यायचे. त्या रात्री याच क्रमाने काम झाले. सोर्स आत आला, कुलूप बसले, कॅमेऱ्याच्या चारही बाजूंनी आणि ट्यूबच्या टोकापर्यंत मीटर फिरवून खात्री केली आणि सर्वांचे बॅज दुसऱ्याच दिवशी तातडीच्या तपासणीसाठी पाठवले. कोणाचाही डोस मर्यादेपलीकडे गेला नव्हता, पण तो मुलगा शिडी चढला असता तर हे वाक्य मला लिहिता आले नसते.

म्हणून माझा नियम साधा आणि थोडा हटवादी आहे. प्रत्येक एक्सपोजरनंतर, एकही न वगळता, मीटर पुढे धरून कॅमेऱ्याकडे जायचे, कॅमेऱ्याचे अंग तपासायचे आणि मग गाइड ट्यूबच्या बाजूने टोकापर्यंत जायचे. ज्याला यासाठी लागणारी दोन मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात, त्याने हे काम सोडून दुसरे काहीतरी शोधावे. मीटर एकच असेल आणि तो बिघडला तर त्या रात्रीचे काम बंद. याला पर्याय सुचवणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातला एकही स्वतः शिडी चढणारा नसतो.

मीटरबाबतच आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. जुन्या काट्याच्या मीटरवर पट्टी बदलण्याचे बटण असते. शंभरपटीवर असताना काटा २ वर असेल तर ते २ नसून २०० असते, आणि हे विसरणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत. काही मीटर तासाला मिलिरोंटजेन दाखवतात, काही मायक्रोसिव्हर्ट. १ मिलिरोंटजेन म्हणजे ढोबळमानाने १० मायक्रोसिव्हर्ट, त्यामुळे एकक न वाचता आकडा वाचला की दहापटीची चूक जागच्या जागी होते. आणि गायगर-म्युलर नळीचा साधा मीटर फार तीव्र क्षेत्रात नेला तर नळी गुदमरते आणि काही मीटर चक्क शून्याजवळ येतात. त्यामुळे मीटर बंद अवस्थेत जवळ नेऊन तिथे सुरू करू नये. लांबूनच सुरू करून, वाढता आकडा बघत पुढे जावे.

ॲप्रन म्हणजे चिलखत समजणे

अर्धा मिलिमीटर शिशाइतकी क्षमता असलेला ॲप्रन रुग्णाच्या अंगावरून विखुरलेल्या निदानाच्या एक्स-रे किरणांपैकी ९० टक्क्यांहून बराच अधिक भाग अडवतो. सी-आर्मजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाने तो घातलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. मात्र तोच ॲप्रन घालून एखादा वेल्डिंग सुपरवायझर इरिडियमच्या सोर्सजवळ निर्धास्त उभा राहतो तेव्हा त्याच्या हे गावीही नसते की इरिडियम-१९२ चे गॅमा किरण निम्मे करायला साधारण ५ मिलिमीटर शिसे लागते. अर्धा मिलिमीटर ॲप्रनने त्यातले जेमतेम सात-आठ टक्के अडतात. कोबाल्ट-६० साठी निम्मे करायला सुमारे १२ मिलिमीटर शिसे लागते, तिथे तर ॲप्रनचा उपयोग नगण्यच. तितक्या वजनाच्या बदल्यात माणसाची हालचाल मंदावते आणि जवळ घालवलेला वेळ वाढतो, म्हणजे फायद्यापेक्षा तोटा अधिक. पेट स्कॅन विभागात फ्लोरिन-१८ हाताळणाऱ्यांचेही हेच आहे. तिथे लांब चिमटा, जाड शिशाची भिंत आणि झटपट हात हेच खरे संरक्षण.

रुग्णालयात उलट प्रकार होतो. ॲप्रन लागतो तिथे तो घातला जात नाही, विशेषतः मे महिन्यात, जेव्हा बाहेर ४५ अंश असते आणि ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) एसी धाप टाकत असतो. मग ॲप्रन घडी करून खुर्चीवर, कधी कधी खुर्चीखाली, जातो. घडीच्या जागी आतले शिशाचे रबर तडकते आणि बाहेरून कापड शाबूत दिसत राहते. ॲप्रन हँगरवर उभाच टांगावा आणि वर्षातून एकदा तरी त्याला फ्लुओरोस्कोपीखाली (पडद्यावर सलग चित्र दाखवणाऱ्या एक्स-रेखाली) पाहून घ्यावे. मी एका ॲप्रनच्या कमरेपाशी आडवी, बोटभर रुंद फट पडद्यावर पाहिली आहे. तो ॲप्रन रोज कोणीतरी घालत होते.

सी-आर्मवर आणखी एक गोष्ट जी शिकवली जाते आणि विसरली जाते: किरणांची नळी टेबलाखाली ठेवावी आणि चित्र घेणारा भाग वर. नळी वर ठेवली की रुग्णाच्या अंगावरून मागे उसळणारे किरण सर्जनच्या डोळ्यांच्या आणि गळ्याच्या पातळीवर येतात. आडवे चित्र घेताना नळीच्या बाजूला न थांबता चित्र घेणाऱ्या भागाच्या बाजूला थांबावे. रुग्णापासून १ मीटरवर विखुरलेल्या किरणांची तीव्रता रुग्णावर पडणाऱ्या किरणांच्या साधारण हजारांश असते. एक पाऊल मागे जाणे फुकट आहे, आणि तरी ते कोणी करत नाही.

टीएलडी बॅज कुठेही ठेवणे

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक ही. छातीवर लावायचा टीएलडी (थर्मोल्युमिनसंट डोसमापक) बॅज किरण अडवत नाही. तो फक्त नोंद ठेवतो. त्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, ज्यांवर वेगवेगळ्या गाळण्या असतात. प्रयोगशाळेत चकत्या तापवल्या की त्या साठवलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात प्रकाश देतात, आणि तीन चकत्यांच्या नोंदींतला फरक पाहून किरण कोणत्या प्रकारचे होते याचाही अंदाज बांधता येतो. ही पद्धत आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाली आणि देशभर हजारो लोक ती वापरतात. मात्र बॅजला हे कळत नाही की तो माणसाच्या छातीवर आहे की खुंटीवर.

नागपुरातल्या हाडांच्या एका रुग्णालयात तिमाही अहवाल आला तेव्हा ओटीतल्या एका मदतनिसाच्या नावापुढे इतका मोठा आकडा होता की व्यवस्थापन घाबरून गेले. तो मुलगा त्याच काळात आजारपणामुळे बरेच दिवस गावी होता. दुसरीकडे, रोज सी-आर्मखाली खिळे आणि प्लेट बसवणाऱ्या सर्जनच्या नावापुढे जवळपास शून्य होते. चौकशीत निघाले ते असे: मदतनिसाचा ॲप्रन खुंटीवर टांगलेला होता, त्यावर बाहेरच्या बाजूने बॅज अडकवलेला होता, आणि ती खुंटी नेमकी सी-आर्मच्या उभ्या जागेच्या बाजूला होती. डॉक्टरसाहेबांचा बॅज केबिनच्या खणात पेनांबरोबर होता. "आपल्याला कुठे काय होते जी," असे ते हसत म्हणाले. दोन्ही आकडे खोटे होते, आणि यातला जास्त धोकादायक कोणता, तर शून्य. मोठा आकडा आला की चौकशी तरी होते. शून्याची चौकशी कोणीच करत नाही.

त्या मदतनिसाचे रक्त गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पाठवावे का, इथपर्यंत चर्चा गेली होती. खऱ्या अतिडोसाच्या शंकेत ती तपासणी केली जाते आणि करायलाही हवी. पण इथे हजेरीपुस्तक, ओटीची नोंदवही आणि खुंटीची जागा यांवरूनच गोष्ट स्पष्ट झाली. तोवर त्या मुलाच्या आईने अंगणात शेजाऱ्यांना सांगून टाकले होते की पोराला "करंट लागला". त्याचे लग्न ठरत होते. एका चुकीच्या खुंटीने काय काय होऊ शकते, हे अहवालात कुठे लिहिता येत नाही.

यावरचे माझे उपाय पुस्तकी नाहीत. ड्युटीवर आल्यावर बॅज रॅकवरून घ्यायचा, जाताना रॅकवर ठेवायचा, आणि तो रॅक किरणांच्या खोलीत कधीही ठेवायचा नाही. नियंत्रणासाठीचा कोरा बॅजही त्याच रॅकवर राहतो, म्हणजे पार्श्वभूमीची नोंद खरी येते. बॅज छातीवर, नाव समोर, ॲप्रनच्या आत. हातांना जास्त डोस लागणाऱ्यांनी मनगटाचा बॅज वेगळा मागवावा. बॅज कारच्या डॅशबोर्डवर ठेवणे, युनिफॉर्मबरोबर धुलाईत देणे, "आज माझा नाही, तुझा दे" म्हणून दुसऱ्याचा लावणे हे सर्व एकाच प्रकारचे आळशीपण आहे. स्वतःचा एक्स-रे काढायची वेळ आली तर बॅज काढून ठेवावा. रुग्ण म्हणून मिळालेला डोस कामाच्या खात्यात धरायचा नसतो. आणि ज्यांना डोसच्या मर्यादेच्या धाकाने मुद्दाम बॅज काढून ठेवायला सांगितले जाते, त्यांनी असा सल्ला देणाऱ्याकडून तो लेखी मागावा. तो कधीच मिळत नाही.

कूलरसाठी भिंत फोडणे

ही खास आपल्याकडची चूक. एक्स-रे खोलीच्या भिंती २३ सेंटिमीटर विटांच्या किंवा तितक्याच परिणामाच्या आणि दरवाजा शिशाच्या पत्र्याचा असावा, असा मंजुरीचा आराखडा असतो. नकाशा मंजूर होतो, तपासणी होते, आणि पहिल्या उन्हाळ्यात कोणीतरी चेस्ट स्टँडच्या (छातीचा एक्स-रे काढायच्या स्टँडच्या) मागच्या भिंतीत कूलरसाठी चौकोनी भोक पाडतो. भोकाच्या पलीकडे बोळ असतो आणि बोळात रुग्णांचे नातेवाईक सावली शोधत बसलेले असतात. सामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, आणि तो बिचारा तर एखाद्याला पाहायला आलेला असतो. काही ठिकाणी भोक नसते, पण कूलरची हवा फिरावी म्हणून दरवाजाच उघडा ठेवलेला असतो, तोही शिशाचा. याला दुरुस्ती एकच: एसी बसवा आणि त्याची पाइपही मुख्य किरण पडतात त्या भिंतीतून नेऊ नका. भोक आधीच पडले असेल तर ते नुसत्या सिमेंटने बुजवून भागत नाही. भिंतीइतका आडोसा परत मिळाला का, ते मीटरने पाहून लिहून ठेवावे.

बाकीच्या, थोडक्यात

वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे काढताना बटणाची वायर ताणून किमान दोन मीटर मागे जावे, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना शक्य असेल तर हलवावे, आणि "एक्स-रे!" असे मोठ्याने सांगूनच बटण दाबावे.

लहान मुलाला धरायला तंत्रज्ञाने रोज स्वतः उभे राहू नये. वडिलांना किंवा काकांना ॲप्रन द्यावा, आणि आई गरोदर असण्याची शक्यता असेल तर तिला बाहेरच थांबवावे.

गरोदर राहिलेल्या कर्मचारी ताईंनी लगेच लेखी कळवावे, कारण त्यानंतर बाळासाठी धरायची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट इतकी खाली येते. कळवल्यामुळे नोकरी जाईल, या भीतीने गप्प राहणे सर्वांत महाग पडते.

फॉस्फरस-३२ सारख्या बीटा किरणांसाठी प्रयोगशाळेत आधी सेंटिमीटरभर ॲक्रिलिक ठेवावे, थेट शिसे नको, कारण शिशात बीटा थांबताना एक्स-रे तयार होतात.

"लवकर काम म्हणजे कमी वेळ" हा गैरसमज सोडावा. सराव केलेला माणूस घाई न करता लवकर करतो, आणि नवखा घाई करून दोनदा करतो.

सोर्स जुना झाला म्हणून तो निरुपद्रवी मानू नये. इरिडियम-१९२ ची तीव्रता दर ७४ दिवसांनी निम्मी होते हे खरे, पण कोबाल्ट-६० ला निम्मे व्हायला सव्वापाच वर्षे लागतात आणि सीझियम-१३७ ला तीस.

सापडलेली चकाकती वस्तू उचलणे

कामावरच्या लोकांपेक्षा ही चूक बाहेरच्यांना जास्त जाचते, म्हणून थोडी सविस्तर. १९९९ मध्ये पेरूमधल्या यानांगो जलविद्युत प्रकल्पावर रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यातून सुटलेला ३७ क्युरीचा इरिडियम सोर्स एका वेल्डरला सापडला. त्याने तो पँटच्या मागच्या खिशात ठेवला आणि काही तास तसेच काम केले. त्याला पाय गमवावा लागला. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात गेलेले, कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण फोडले गेले. अनेकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी वस्तू हाताला लागली तेव्हा ती फक्त धातूचा तुकडा होती.

भंगार व्यवसायातल्या, गोदामातल्या आणि भट्टीवरच्या माणसांसाठी इतके पुरे: पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह, किंवा लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूस दिसला, किंवा असामान्य जड, शिशाचे आवरण असलेला डबा आला, तर तो कापायचा नाही, उघडायचा नाही, हातात घ्यायचा नाही. मागे हटून लोकांना दूर ठेवायचे आणि पोलिसांना कळवायचे. पुढे ते अणुऊर्जा नियामक मंडळापर्यंत पोहोचवतात. ज्या संस्थेत जुने उपकरण अडगळीत पडले आहे तिथल्या प्रमुखांनी ते लिलावाच्या यादीत घालण्याआधी त्यात सोर्स आहे का, हे तपासून घ्यावे, आणि असेल तर पुरवठादाराकडे परत पाठवण्याची रीतसर परवानगी घ्यावी. भंगाराच्या भावात सोर्स विकून जागा मोकळी झाली म्हणून सत्कार घेणारे व्यवस्थापक माझ्या अंगावर काटा आणतात.

घटना घडल्यावर माणसाला वाळीत टाकणे

बाहेरून गॅमा किंवा एक्स-रे लागलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. त्याच्या जवळ बसल्याने, त्याचा चहाचा कप उचलल्याने, त्याला दवाखान्यात नेल्याने कोणाला काही होत नाही. एक्स-रे यंत्र बंद केल्यावर खोलीतही काही उरत नाही. सोर्स फुटून त्याची भुकटी अंगाला लागली असेल तर गोष्ट वेगळी, आणि त्यासाठी वेगळी तपासणी आहे. पण बंदिस्त सोर्सच्या घटनेत सहकारी त्या मुलाला एकटे टाकून पळतात आणि खरी माहिती त्याच्याबरोबरच मागे राहते.

त्या माहितीचेच काम मी पहिल्या तासात करतो. सोर्स सुरक्षित झाला, कोणाला उलटी किंवा त्वचेवर लाली आहे का ते पाहून डॉक्टरांना कळवले, की प्रत्येकाला वेगळे बसवून कागद द्यायचा: तू कुठे उभा होतास, कोणत्या बाजूला तोंड होते, साधारण किती वेळ, हात कुठे होते. दोरीने प्रत्यक्ष अंतर मोजायचे, घड्याळ लावून तीच हालचाल सोर्स नसताना करायला लावायची आणि वेळ लिहायची. बॅज वेगळ्या पाकिटात, नाव आणि घटनेची तारीख घालून, बाकीच्या बॅजांपासून दूर ठेवायचा. हे सर्व त्याच रात्री करावे लागते, कारण सकाळी ठेकेदार, सुपरवायझर आणि घरचे लोक बोलून गेले की मीटरभर अंतराचे तीन मीटर होतात आणि दोन मिनिटांचे "जरासा गेलो होतो सर" एवढेच उरते.